देखभालीचा हक्क आणि देखभालीचे वेतन

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने आपल्या 'विंडोज १०' या संगणक प्रणालीची मोफत दुरुस्ती थांबविली. भोसरी, पिंपरी, चिंचवड, तळवडे, चाकण येथील ज्या लहान कारखान्यांचे हिशेब, ड्रॉइंगे आणि सीएनसी यंत्रांना प्रोग्रॅम पुरविणारे संगणक या प्रणालीवर चालत होते, तेथे त्या दिवशी काहीच घडले नाही. पाळ्या नेहमीप्रमाणे भरल्या आणि सुटल्या. बदल झाला तो इतकाच की, त्या दिवसानंतर या प्रणालीत जी उणीव सापडेल ती बुजविण्याची जबाबदारी कंपनीवर उरली नाही. अपवाद फक्त जादा मुदत मिळविणाऱ्यांचा. संस्थांसाठी या मुदतीचा दर पहिल्या वर्षी दर संगणकामागे ६१ डॉलर, दुसऱ्या वर्षी त्याच्या दुप्पट आणि तिसऱ्या वर्षी त्याच्याही दुप्पट असा ठरला. 'विंडोज ११' घ्यावी तर तिला संगणकात एक विशिष्ट सुरक्षा-चीप लागते आणि जुन्या पुष्कळ संगणकांत ती नाही. म्हणजे चालते यंत्र भंगारात काढा, चढत्या दराने खंड भरा, नाहीतर दार उघडे टाकून झोपा, असे तीन मार्ग लहान कारखानदारासमोर राहिले.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला यात घसाऱ्याचा एक अजब प्रकार दिसेल. लेथचा बेड झिजतो, बेअरिंग घासते, मोटारीचे वाइंडिंग जळते. म्हणून कारखानदार दरवर्षी उत्पन्नातून घसारा बाजूला काढतो. संगणकाची आज्ञावली अशी झिजत नाही. दहा वर्षांपूर्वी लिहिलेली आज्ञा आजही अक्षरशः तीच असते. परंतु तिच्यात पहिल्यापासून राहून गेलेल्या चुका एकेक करून उघडकीस येतात, आणि त्या शोधणाऱ्यांत चोरही असतात. म्हणून सॉफ्टवेअरलाही देखभाल लागते. फरक असा की, लेथ कोणत्या वर्षी मोडीत काढावे हे ते विकत घेणारा ठरवितो. विंडोजचे आयुष्य किती, हे मात्र ती विकणारा ठरवितो. आपल्या पैशाने घेतलेल्या वस्तूच्या घसाऱ्याचा दर दुसऱ्याने कळवावा आणि आपण तो निमूटपणे मान्य करावा, असा हा व्यवहार आहे.

या विषयावर आपल्या कार्यकर्त्यांत, विशेषतः संगणक क्षेत्रात नोकरी करणाऱ्या तरुण साथींमध्ये, नेहमी एकच वाद रंगतो. मुक्तस्रोत सॉफ्टवेअर अधिक सुरक्षित की कंपन्यांचे बंदिस्त सॉफ्टवेअर? ज्यांचा या क्षेत्राशी संबंध नाही त्यांच्यासाठी एवढे सांगितले पाहिजे की, प्रोग्रॅमर जी आज्ञावली लिहितो तिला मूळ संहिता म्हणतात. बंदिस्त सॉफ्टवेअरमध्ये ही संहिता कंपनीच्या तिजोरीत राहते आणि गिऱ्हाइकाला फक्त यंत्राला समजणारे तिचे रूपांतर मिळते. मुक्तस्रोत सॉफ्टवेअरमध्ये संहिता सर्वांसाठी खुली असते. ती वाचता येते, बदलता येते, दुसऱ्याला देता येते. लिनक्स हे याचे सर्वांत परिचित उदाहरण.

मुक्तस्रोताचे समर्थक म्हणतात की, हजार डोळ्यांखालून गेलेली संहिता निर्दोष होत जाते. कंपन्यांचे समर्थक म्हणतात की, नकाशा चव्हाट्यावर मांडल्यास चोराचे काम सोपे होते. शिवाय जेथे मालक नाही तेथे जबाबदारीही नाही. आमच्या मते दोन्ही पक्षांच्या बोलण्यात अर्धे सत्य आहे, आणि मूळ प्रश्न दोघांच्याही हातून सुटतो आहे. सुरक्षितता देखभालीतून येते. म्हणून दोन गोष्टी विचारल्या पाहिजेत: यंत्र उघडून तपासण्याचा व दुरुस्त करण्याचा हक्क कोणाला आहे, आणि ते काम रोज करणाऱ्याला वेतन कोण देते? हे दोन प्रश्न आपल्याच पट्ट्यातील अनुभवावर घासून पाहू.

बंद झाकणाखाली काय दडते

चाकणला फोक्सवॅगन समूहाचा कारखाना २००९ मध्ये सुरू झाला. त्यानंतर सहा वर्षांनी, १८ सप्टेंबर २०१५ रोजी, अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने या समूहावर जो आरोप ठेवला तो सर्वांना माहीत आहे. समूहाच्या डिझेल इंजिनांच्या नियंत्रक संगणकात अशी आज्ञावली बसविलेली होती की, गाडी तपासणीच्या यंत्रावर उभी असल्याचे तिला ओळखता येई. तेवढ्यापुरती ती प्रदूषण नियंत्रण पूर्ण क्षमतेने चालवी आणि गाडी रस्त्यावर आली की ढिले सोडी. जगभरात सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांत हे सॉफ्टवेअर होते. भारतात पुण्याच्या एआरएआय या संस्थेने रस्त्यावर चाचण्या घेतल्या आणि डिसेंबर २०१५ मध्ये समूहाला ३,२३,७०० गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या. मार्च २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने ५०० कोटी रुपयांचा दंड ठोठावला. मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने कंपनीवर सक्तीची कारवाई करण्यास स्थगिती दिली. भारतातील नियमांचा भंग आपण केलेला नाही, अशी कंपनीची भूमिका होती.

या प्रकरणातून नीतीचा धडा पुष्कळांनी घेतला. आमच्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. ही लबाडी कोणी संहिता वाचून उघड केली नाही, कारण ती वाचण्याची सोयच नव्हती. वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठातील काही संशोधकांनी, ज्यांत भारतीय तरुणही होते, गाडीच्या डिकीत धूर मोजणारी उपकरणे ठेवून कॅलिफोर्नियाच्या रस्त्यांवर शेकडो मैल गाड्या चालविल्या, तेव्हा आकडे जुळेनात. धुरावरून आगीचा माग काढावा तसे हे झाले. आणखी विपरीत असे की, त्याच वर्षी जुलैमध्ये अमेरिकेत मोटारींतील सॉफ्टवेअर तपासण्याची मुभा गाडीमालकाला व संशोधकाला द्यावी अशी मागणी पुढे आली असताना, त्याच पर्यावरण संस्थेने तिला विरोध केला होता. मालक मंडळी सॉफ्टवेअरमध्ये फेरफार करून प्रदूषण वाढवतील, असे तिचे म्हणणे होते. दोन महिन्यांतच फेरफार कारखान्यात झाल्याचे निघाले. ऑक्टोबरमध्ये ही मुभा मंजूर झाली.

ज्या कामगाराने ती गाडी जुळविली त्याला, जिने ती विकत घेतली त्या गृहिणीला, जिने ती प्रमाणित केली त्या संस्थेला, आणि जो तिचा धूर श्वासावाटे घेतो त्या नाशिक रस्त्यावरच्या टपरीवाल्याला, कोणालाही त्या झाकणाखाली पाहण्याचा हक्क नव्हता. बंदिस्त सॉफ्टवेअरचा हा खरा दोष आहे. त्यातील चुका चोरांपासून लपून राहतीलच याची शाश्वती नाही. पण प्रामाणिक तपासनिसापासून मात्र त्या हमखास लपतात.

चोरांपासून त्या लपत नाहीत याचा पुरावा मे २०१७ मध्ये मिळाला. 'वॉनाक्राय' नावाचा किडा विंडोजमधील एका फटीतून जगभर पसरला, संगणकांतील माहिती कुलूपबंद करून खंडणी मागू लागला. चेन्नईजवळचा रेनो-निस्सानचा मोटार कारखाना त्यामुळे थांबला. ही फट अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेला आधीच माहीत होती. तिने ती कंपनीला न कळविता हेरगिरीचे हत्यार म्हणून जवळ ठेवली, आणि पुढे ते हत्यारच चोरीस गेले. मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दुरुस्ती पाठविली होती हे खरे. पण जुनी 'विंडोज एक्स्पी' वापरणाऱ्यांना ती मिळाली नव्हती, कारण एक्स्पीचे आयुष्य कंपनीने एप्रिल २०१४ मध्येच संपविले होते. किडा पसरल्यावर तिच्यासाठीही दुरुस्ती निघाली. याचा अर्थ दुरुस्ती करणे अशक्य नव्हते. ती करण्यात कंपनीला व्यापारी कारण उरले नव्हते. पुढच्याच महिन्यात दुसरा असाच किडा युक्रेनमधील हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरच्या नियमित सुधारणेतून शिरला आणि न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलचे काम ठप्प झाले. चाकणच्या पट्ट्यातून परदेशी जाणारा माल याच बंदरातून जातो.

खुद्द पिंपरी-चिंचवडला याची झळ फेब्रुवारी २०२१ च्या अखेरीस बसली. स्मार्ट सिटी प्रकल्पाच्या २७ सर्व्हरवर खंडणीखोर किड्याने हल्ला केला. प्रकल्पाचे काम पाहणाऱ्या कंपनीच्या अधिकाऱ्याने निगडी पोलिसांत तक्रार दिली. तीत नुकसानीचा अंदाज सुमारे ५ कोटी रुपयांचा होता. महापालिकेच्या नावाने चालणाऱ्या यंत्रणेची देखभाल कंत्राटाने बाहेर दिली, की यंत्रणेचे ज्ञानही बाहेर जाते. मग हल्ला झाला तेव्हा नेमके काय घडले, कोणते दार उघडे राहिले, हे कर भरणाऱ्या नागरिकाला समजेल अशा भाषेत सांगणारा एकही माणूस पालिकेच्या स्वतःच्या हजेरीपटावर नसतो.

खुले आहे, पण बेवारशी आहे

येथवर वाचून मुक्तस्रोताच्या समर्थकांना समाधान वाटले असेल. त्यांनी पुढचेही वाचावे.

बँका, दुकाने, सरकारी कचेऱ्या यांचा महाजालावरचा गुप्त व्यवहार ज्या 'ओपनएसएसएल' नावाच्या मुक्तस्रोत सॉफ्टवेअरवर चालत असे, त्यात एप्रिल २०१४ मध्ये मोठी उणीव सापडली. ती दोन वर्षे सर्वांच्या डोळ्यांसमोर उघडी पडून होती. हजार डोळे होते कोठे? चौकशी करता असे आढळले की, जगातील कोट्यवधींच्या उलाढालीचा भार वाहणाऱ्या या प्रकल्पाला वर्षाकाठी सुमारे २,००० डॉलर देणगी मिळत होती आणि पूर्ण वेळ काम करणारा माणूस एकच होता. संहिता वाचण्याचा हक्क सर्वांना होता. वाचण्याचे काम मात्र कोणाचेच नव्हते. डिसेंबर २०२१ मध्ये 'लॉग४जे' या छोट्या पण सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या सॉफ्टवेअरच्या बाबतीत तेच घडले. जगातील मोठमोठ्या कंपन्यांची यंत्रणा ज्यावर उभी होती, त्याची दुरुस्ती नोकरी सांभाळून, रात्र जागून, बिनपगारी स्वयंसेवक करीत होते.

सर्वांत बोलके प्रकरण मार्च २०२४ मधले. 'एक्सझेड' नावाचे, फायली लहान करणारे सॉफ्टवेअर एक गृहस्थ छंद म्हणून, मोबदल्याशिवाय सांभाळीत होते. ते थकले होते, मनःस्वास्थ्य बिघडल्याचे त्यांनी स्वतःच लिहिले होते. अशा वेळी एक अनोळखी मदतनीस पुढे आला. इतर काही नावांनी लिहिणाऱ्यांनी 'काम हळू चालले आहे, कारभार दुसऱ्याकडे द्या' असा लकडा लावला. दोनेक वर्षांत त्या मदतनिसाने विश्वास संपादन केला, कारभार हाती घेतला आणि मग सॉफ्टवेअरमध्ये चोरदरवाजा बसविला. तो जगभरच्या लिनक्स यंत्रांत पसरण्याच्या बेतात असताना आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला आपल्या संगणकात प्रवेश करायला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो आहे असे जाणवले. त्याने चिकाटीने माग काढला, संहिता उघडून पाहिली आणि दरवाजा सापडला. हा अभियंता मायक्रोसॉफ्टच्या पगारावर होता.

या एका घटनेत वादाच्या दोन्ही बाजू सामावलेल्या आहेत. संहिता खुली होती म्हणून माग काढता आला. बंद झाकणाखाली हाच दरवाजा वर्षानुवर्षे राहिला असता. पण चोर आत शिरला तो थकलेल्या, एकट्या, बिनपगारी माणसाच्या असहायतेतून. जगभरच्या भांडवलाने त्याच्या श्रमाचा उपभोग घेतला आणि त्याला मदतीचा हात देणारा पहिला माणूस निघाला तो चोर. फुकट श्रमावर उभी राहिलेली व्यवस्था सुरक्षित नसते, हे कामगार चळवळीला कोणी वेगळे शिकवायला नको.

महाराष्ट्राच्या शेतकऱ्याला हा प्रश्न जुनाच आहे. धुळे व नाशिक जिल्ह्यांत पांझरा, मोसम या नद्यांवर फड पद्धतीने पाणी वाटण्याची रीत काही शतके चालत आली. बंधारा आणि पाट कोणा एकाच्या मालकीचे नव्हते. पण म्हणून ते बेवारशी नव्हते. पाणी सोडणारा पाटकरी आणि राखण करणारा जागल्या ठरलेले होते; त्यांचा मोबदला लाभधारक शेतकरी धान्याच्या रूपाने देत; पाटातला गाळ काढायला सर्वांनी यायचे असे. सामाईक मालमत्ता टिकते ती अशा रीतीने. ज्या सामाईक मालमत्तेला पाटकरी नाही, तिचा पाट गाळाने भरतो. मुक्तस्रोत सॉफ्टवेअरने बंधारा उत्तम बांधला, पाणीही सर्वांना खुले केले. पाटकऱ्याच्या मोबदल्याची व्यवस्था करायची मात्र राहून गेली. मोठ्या कंपन्या पाणी घेऊन गेल्या आणि गाळ काढायला कोणी आले नाही.

आयबीएम गेली तेव्हा काय झाले

ही व्यवस्था आपल्या देशात होऊ शकते का? वाचकांना १९७७-७८ चा इतिहास आठवत असेल. १९७३ च्या परकीय चलन नियमन कायद्यानुसार परदेशी कंपन्यांनी भारतातील व्यवसायातील आपला हिस्सा ४० टक्क्यांपर्यंत खाली आणणे आवश्यक होते. जनता सरकारात साथी जॉर्ज फर्नांडिस उद्योगमंत्री असताना आयबीएमने ही अट मानली नाही आणि १९७८ मध्ये ती देशातून गेली. त्या निर्णयाबद्दल आजही उपहासाने लिहिले जाते. परंतु त्या वेळी सर्वांसमोर उभा राहिलेला व्यावहारिक प्रश्न कोणी आठवत नाही. रेल्वे, बँका, सरकारी खाती आणि कारखाने यांच्याकडे आयबीएमची जी यंत्रे होती, ती बंद पडली तर दुरुस्त कोण करणार?

त्याचे उत्तर म्हणजे १९७५ मध्ये स्थापन झालेली कॉम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशन ही सरकारी कंपनी. तिचे नावच देखभाल हे होते. तिने सुमारे ८०० ठिकाणच्या आयबीएम यंत्रांची देखभाल हाती घेतली. देश ठप्प झाला नाही. देखभाल करता करता तिच्या अभियंत्यांना यंत्रे आतून समजली, आणि पुढे १९८० च्या दशकात याच संस्थेने, जिचे नाव आता सीएमसी झाले होते, रेल्वेच्या संगणकीकृत आरक्षणाची यंत्रणा उभी केली. जो दुरुस्त करतो तो शिकतो आणि जो शिकतो तो एक दिवस नवे घडवितो, हा क्रम आपल्या पिंपरीलाही ठाऊक आहे. सुमंत मुळगावकरांनी टेल्कोचा पुण्याचा प्रकल्प उभारताना आधी यंत्रावजारे बनविण्याचे खाते आणि प्रशिक्षण केंद्र काढले, गाड्या नंतर आल्या.

तथापि या इतिहासाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. २००१ मध्ये केंद्र सरकारने सीएमसीतील ५१ टक्के हिस्सा टाटा समूहाला विकला, आणि २०१५ मध्ये ती टाटा कन्सल्टन्सीत विलीन झाली. देखभालीसाठी उभी केलेली सार्वजनिक संस्था राहिली नाही. पिंपरीत १९५४ मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सने देशाला स्वस्त पेनिसिलिन दिले. तिचीही पुढे आबाळ झाली आणि कामगारांना पगारासाठी ताटकळावे लागले. मालकी सार्वजनिक असली म्हणजे झाले, असे मानणाऱ्या आपल्यातील काहींनी हे लक्षात ठेवावे. सार्वजनिक मालमत्तेलाही घसारा लागतो, आणि तो न काढणारे सरकार तिला विक्रीसाठी तयार करीत असते.

आयबीएमच्या कहाणीला अलीकडचा एक शेवटही आहे. ही कंपनी १९९२ मध्ये भारतात परतली. २०१९ मध्ये तिने लिनक्सवर व्यवसाय करणारी, पुण्यातही मोठे कार्यालय असलेली रेड हॅट ही कंपनी ३,४०० कोटी डॉलरना विकत घेतली. डिसेंबर २०२० मध्ये रेड हॅटने जाहीर केले की, 'सेंटओएस ८' या मोफत लिनक्सची देखभाल २०२९ ऐवजी २०२१ अखेरच थांबेल. विंडोजसारखाच हा प्रकार. मुक्तस्रोतालाही एकाच कंपनीचा आश्रय असेल तर तीही आयुष्य कापू शकते, हा पहिला धडा. दुसरा धडा त्याहून मोलाचा. संहिता खुली असल्यामुळे काही महिन्यांतच इतरांनी ती उचलून 'रॉकी' आणि 'अल्मा' या नावांनी पुढे चालविली. गिऱ्हाइकांचे संगणक भंगारात गेले नाहीत. विंडोज १० वापरणाऱ्यांना हा मार्ग नव्हता. दुरुस्तीचा हक्क म्हणजे काय, हे या दोन उदाहरणांची तुलना केल्यास स्पष्ट होईल.

यास्तव काय करावे

आमची भूमिका अशी आहे की, दुरुस्तीचा हक्क आणि दुरुस्तीचे वेतन या दोन्ही गोष्टी एकत्र मागितल्या पाहिजेत. पहिली मागणी सोडून दुसरी केली तर आपण कंपन्यांना चढता खंड देत राहू. दुसरी सोडून पहिली केली तर कोणाच्या तरी रात्रीच्या झोपेवर आपला कारखाना चालेल.

केंद्र सरकारने मार्च २०१५ मध्ये सरकारी कामकाजात मुक्तस्रोत सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले. ते कागदावर चांगले आहे. त्यात देखभालीसाठी माणसे आणि पैसा कोठून येणार, हा भाग दुबळा राहिला. केरळने सरकारी शाळांत मुक्त सॉफ्टवेअर यशस्वी केले, त्याचे कारण फक्त परवान्याचे पैसे वाचविणे हे नव्हते. राज्याने त्यासाठी स्वतःची संस्था ठेवली, शिक्षकांना प्रशिक्षण दिले, आपल्या शाळांना लागेल तशी प्रणाली जुळवून घेतली. जर्मनीने २०२२ पासून अशा सामाईक सॉफ्टवेअरच्या देखभालीसाठी सरकारी निधी सुरू केला. महाराष्ट्राला हे अशक्य नाही. संगणक क्षेत्रात काम करणारी माणसे आपल्याकडे मुबलक आहेत. सीडॅकसारखी संस्था १९८८ पासून पुण्यातच आहे.

या पट्ट्यातील कार्यकर्त्यांनी चार गोष्टी हाती घ्याव्यात, असे आम्ही सुचवितो.

पिंपरी-चिंचवड महापालिका आणि औद्योगिक विकास महामंडळ यांच्या संगणकविषयक प्रत्येक करारात, जनतेच्या पैशाने लिहून घेतलेल्या सॉफ्टवेअरची मूळ संहिता पालिकेच्या ताब्यात यावी आणि कंत्राट संपल्यावर दुसऱ्या कोणालाही तिची दुरुस्ती करता यावी, ही अट घालून घेतली पाहिजे. अंदाजपत्रकात खरेदीसमोर देखभालीचा स्वतंत्र आकडा असावा आणि पालिकेच्या कायम सेवेत त्यासाठी तंत्रज्ञ असावेत. सभागृहात हा प्रश्न विचारायला संगणकशास्त्राची पदवी लागत नाही. रस्त्यासाठी जो प्रश्न आपण विचारतो तोच येथे विचारायचा आहे: खड्डा पडला तर कोण भरणार, आणि ते करारात लिहिले आहे का?

दुसरे, लहान कारखान्यांसाठी सामाईक देखभाल केंद्र. भोसरीतील पाच-दहा यंत्रांच्या मालकाला संगणक सुरक्षेचा स्वतंत्र माणूस परवडत नाही. शंभर कारखान्यांनी मिळून सहकारी तत्त्वावर दहा माणसे ठेवली तर परवडतील. जेथे शक्य आहे तेथे हे केंद्र जुन्या संगणकांवर लिनक्स बसवील. जेथे यंत्राच्या उत्पादकाच्या सॉफ्टवेअरमुळे विंडोज सोडता येत नाही, तेथे तो संगणक इतर जाळ्यापासून तोडून ठेवील, माहितीच्या प्रती नियमित काढील. हे दुसरे काम दिखाऊ नाही, पण खंडणीखोर किड्यापासून कारखाना वाचतो तो बहुतेक वेळा यामुळेच. या केंद्रात आयटीआय आणि तंत्रनिकेतनातील मुलांना उमेदवारी मिळावी. मात्र ते वेतन देणारे काम असावे. प्रशिक्षणाच्या नावाखाली स्वस्त श्रम मिळविण्याची आणखी एक वाट होऊ नये.

तिसरे, कामगार संघटनांनी हा विषय कराराच्या वाटाघाटीत आणावा. आज असेंब्ली लाइनवरील रोबो बिघडला तर कारखान्यातील फिटर त्याचे यांत्रिक अंग दुरुस्त करू शकतो. सॉफ्टवेअर बिघडले तर उत्पादक कंपनीचा माणूस येईपर्यंत त्याला हात बांधून उभे राहावे लागते. हे कौशल्याचे हरण आहे. मेंटेनन्स खात्यातील कामगारांना सॉफ्टवेअरच्या देखभालीचे प्रशिक्षण मिळाले पाहिजे. तसेच संगणकावरील हल्ल्यामुळे लाइन थांबल्यास त्या दिवसांचे वेतन कायम आणि कंत्राटी, दोघांनाही मिळाले पाहिजे. व्यवस्थापनाने देखभालीचा खर्च वाचवायचा आणि हल्ला झाल्यावर कंत्राटी कामगाराला गेटवरून परत पाठवायचे, हा हिशेब आपण मान्य करता कामा नये.

चौथे, वाहने आणि वैद्यकीय उपकरणे यांसारख्या, ज्यांचा जीविताशी व आरोग्याशी संबंध येतो अशा यंत्रांतील मूळ संहिता तपासण्याचा हक्क एआरएआयसारख्या तपासणी संस्थांना कायद्याने असावा. व्यापारी गुपित म्हणून ती जगजाहीर करायची नसेल तर तो वेगळा विचार आहे. परंतु तपासणीसमोर गुपित नको. २०१५ नंतरही हा हक्क स्पष्टपणे दिला न जाणे, हे त्या प्रकरणातून आपण काही न शिकल्याचे लक्षण आहे.

यावर आक्षेप घेतला जाईल की, हे सर्व खर्चाचे आहे आणि मुक्तस्रोत तर फुकट म्हणून आपण घेतो. हा गैरसमज आपल्याच माणसांनी पसरविला आहे आणि तो आधी आपणच काढून टाकला पाहिजे. मुक्तस्रोताचा परवाना फुकट असतो, देखभाल कधीच फुकट नसते. फरक इतकाच की, बंदिस्त सॉफ्टवेअरसाठी दिलेला पैसा परदेशी कंपनीच्या नफ्यात जमा होतो आणि पुढच्या वर्षी पुन्हा तितकाच, किंवा दुप्पट, द्यावा लागतो. सामाईक सॉफ्टवेअरच्या देखभालीसाठी दिलेला पैसा आपल्या तंत्रज्ञाच्या हातात वेतन म्हणून पडतो, आणि त्याने काढलेला गाळ सर्वांच्या पाटातून निघतो. पहिल्या खर्चातून परावलंबन वाढते, दुसऱ्यातून कौशल्य.

विंडोज १० च्या निमित्ताने पुढची दोन-तीन वर्षे या पट्ट्यातील हजारो संगणकांचा निर्णय होणार आहे. मालक मंडळी तो खरेदी खात्यावर सोपवतील, खरेदी खाते विक्रेत्याचे ऐकेल. त्याआधी आपल्या कार्यकर्त्यांनी आपापल्या कारखान्यात, पतसंस्थेत, शाळेत व ग्रंथालयात किती संगणक कोणत्या प्रणालीवर चालतात, त्यांची देखभाल कोण करतो आणि त्याला काय वेतन मिळते, याची साधी यादी करावी. मागणीपत्रक तयार करायला बसताना ती यादी समोर असली पाहिजे.